'स्वसंरक्षण' : एका संज्ञेचा अर्थ, उपयोग आणि मर्यादा
(जव्हार-मोखाडा आणि लगतच्या आदिवासी पट्ट्याच्या संदर्भात एक चिकित्सा)

गोषवारा :
'स्वसंरक्षण' ही संज्ञा कायदा, पोलीस प्रशासन, वृत्तपत्रे, चळवळी आणि शिक्षणसंस्था अशा अनेक क्षेत्रांत वापरली जाते. प्रत्येक क्षेत्रात तिचा आशय बदलतो, परंतु शब्द तोच राहत असल्याने हा बदल लक्षात येत नाही. प्रस्तुत लेखात १९४५ चे तलवाडा आणि २०२० चे गडचिंचले या दोन घटनांच्या आधारे संज्ञेच्या उपयोगाची चिकित्सा केली असून, जव्हार-मोखाडा परिसरातील जीवनाला ती कितपत पुरी पडते याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : स्वसंरक्षण, खासगी बचाव, वाजवी भीती, वेठबिगारी, तलवाडा, जव्हार, मोखाडा.

प्रस्तावना :
काही शब्द उच्चारताच समर्थन मिळवतात. 'स्वसंरक्षण' हा अशा शब्दांपैकी एक होय. एखाद्या कृतीला 'हल्ला' म्हटले की तिचा जाब विचारला जातो. तीच कृती 'स्वसंरक्षणार्थ' केली असे म्हटले की जाब विचारणाराच संशयास्पद ठरू लागतो. त्यामुळे हा शब्द कोण वापरतो, कोणत्या प्रसंगी वापरतो आणि कोणाला तो वापरता येत नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. जव्हार आणि मोखाडा हे त्यातील डोंगराळ तालुके असून वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या जमातींची येथे मोठी वस्ती आहे. जव्हार हे स्वातंत्र्यापूर्वी मुकणे घराण्याचे संस्थान होते. दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडतात. म्हणजे येथील माणसाला विशेष संरक्षणाची गरज आहे हे राज्यघटनेनेच मान्य केले आहे. ज्या भूमीला घटनेने 'संरक्षित' मानले, तेथे 'स्वसंरक्षण' या शब्दाला कोणता अर्थ उरतो, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे.

संज्ञेचे घटक : 'स्व', 'संरक्षण' आणि 'राखण' :
मराठीत या आशयाचे अनेक शब्द आहेत. 'आत्मरक्षण' आणि 'स्वसंरक्षण' हे संस्कृतोद्भव शब्द ग्रांथिक व शासकीय भाषेत रूढ आहेत. बोलण्यात 'बचाव' हा शब्द येतो आणि न्यायालयात त्याच शब्दाला 'आरोपीची बाजू' असा दुसरा अर्थ प्राप्त होतो. शेतीच्या व्यवहारात मात्र 'राखण' हा शब्द आहे. पीक राखले जाते, गुरे राखली जातात, रान राखले जाते. राखणीत शत्रूपेक्षा जे राखायचे त्याला प्राधान्य असते. नागली आणि भाताच्या दिवसांत माळ्यावर बसून रात्र काढणारा शेतकरी रानडुकराशी युद्ध पुकारत नाही. ते शेतात शिरू नये एवढेच तो पाहतो.

याच पट्ट्यातील वाघोबाची उपासना या दृष्टीने उल्लेखनीय आहे. शेंदूर लावलेल्या दगडी किंवा लाकडी प्रतिमेच्या रूपात वाघोबा गावाच्या किंवा रानाच्या कडेला असतो आणि वाघबारशीला त्याची पूजा होते. ज्याच्यापासून धोका आहे त्याच्याशीच मर्यादांचा करार करावा, ही कल्पना या उपासनेच्या मुळाशी दिसते. येथे संरक्षणाचा अर्थ प्रतिहल्ला असा होत नाही. एकमेकांची हद्द ओळखणे असा होतो. 'स्वसंरक्षण' या शब्दाचा आज जो लढाऊ अर्थ प्रथम मनात येतो, तो या परिसराच्या अनुभवातून आलेला नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

दुसरा मुद्दा 'स्व' चा. शब्दाच्या घडणीनुसार 'स्व' एकवचनी आहे. परंतु पाड्यावरील जीवनात घर, कूड, गुरे, बियाणे आणि माणसे यांचे मिळून एक 'स्व' बनते. या विस्तारलेल्या 'स्व' ला कायदा कितपत ओळखतो, हे पाहू.

कायद्यातील संज्ञा :
१८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ९६ ते १०६ मध्ये खासगी बचावाचा हक्क मांडलेला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये जवळपास त्याच स्वरूपात आला आहे. कायद्याने येथे 'स्व' हा शब्द वापरलेला नाही. स्वतःच्या शरीराबरोबर दुसऱ्या कोणाच्याही शरीराचा आणि काही गुन्ह्यांच्या बाबतीत स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क कायदा देतो. या अर्थाने कायदा 'स्वसंरक्षण' या मराठी शब्दापेक्षा उदार आहे.

मात्र या हक्काला तीन मर्यादा आहेत. पहिली, बचावासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही. दुसरी, सार्वजनिक प्राधिकाऱ्यांकडे दाद मागण्यास वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. तिसरी, लोकसेवकाने आपल्या पदाच्या अधिकारात सद्भावनेने केलेल्या कृतीविरुद्ध, मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल तर, हा हक्क उपलब्ध नसतो. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली. संकटात सापडलेल्या माणसाने प्रतिकाराचे माप सोन्याच्या तराजूत तोलावे अशी अपेक्षा कायदा करीत नाही. परंतु सूड घेण्यासाठी या हक्काचा आधारही घेता येत नाही, असा त्याचा मथितार्थ आहे.

या सर्व तरतुदींचा कणा 'वाजवी भीती' हा आहे. प्रत्यक्ष घाव पडण्याची वाट पाहावी लागत नाही. भीती पुरेशी असते, मात्र ती वाजवी असावी लागते. साहजिकच खरा प्रश्न असा उपस्थित होतो की, कोणाची भीती वाजवी ठरते?

याच संदर्भात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील तरतूद बोलकी आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या बचावासाठी सद्भावनेने वन्य प्राण्याला मारले वा जखमी केले तर कलम ११(२) नुसार तो गुन्हा ठरत नाही. उभ्या पिकाचा बचाव मात्र या कलमात येत नाही. त्यासाठी अधिकाऱ्याची परवानगी लागते. वर्षाचे धान्य ज्याच्या एका शेतात उभे आहे, त्याच्या दृष्टीने पीक आणि शरीर यांतील हे अंतर फार थोडे असते. वन्यजीव रक्षणाच्या दृष्टीने तरतूद समर्थनीय आहे. तथापि कायद्याचा 'स्व' शरीराच्या कातडीपाशी थांबतो आणि पाड्यावरचा 'स्व' कणगीपर्यंत पोहोचतो, हा भेद त्यातून स्पष्ट होतो.

तलवाडा, १९४५ : एकाच रात्रीची दोन 'स्वसंरक्षणे' :
ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या उठावाचे सर्वात महत्त्वाचे मराठी कथन गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथात आहे. या ग्रंथाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. किसान सभेच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये डहाणू-उंबरगाव भागात वेठबिगार आणि लग्नगडीपद्धती यांविरुद्ध जो लढा उभा राहिला, त्याचा हा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त आहे. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापोटी जो स्वतः आणि लग्नानंतर त्याची पत्नीही मालकाच्या राबत्यात अडकते, तो लग्नगडी.

स्वसंरक्षणाच्या संज्ञेसाठी लग्नगड्याचे उदाहरण निर्णायक आहे. ज्याचे शरीर कर्जात गहाण आहे, त्याने आपल्या शरीराचा बचाव करावा म्हणजे मालकाच्या वस्तूवर हक्क सांगावा, असेच त्या व्यवस्थेत मानले जाई. मालकाचा मार ही शिस्त आणि गड्याने उचललेला हात हा मात्र गुन्हा. दंड संहिता १८६० पासून अस्तित्वात होती. तिने वारल्याला बचावाचा हक्क नाकारला नव्हता. पण हक्क बजावण्यासाठी आधी 'स्व' असावा लागतो आणि तोच हिरावला गेला होता. ग्रंथाच्या शीर्षकातील 'जागा होतो' या क्रियापदाचे महत्त्व येथे आहे. माणूस प्रथम जागा होतो, म्हणजे त्याला 'स्व' प्राप्त होतो. संरक्षणाचा प्रश्न त्यानंतर उद्भवतो.

१० ऑक्टोबर १९४५ च्या रात्री, आज विक्रमगड तालुक्यात मोडणाऱ्या तलवाडा येथे हजारो आदिवासी जमले. गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न त्या वेळी ऐरणीवर होता. चळवळीच्या कथनानुसार, गोदावरीबाईंची सभा असून त्यांच्या जिवाला धोका आहे, तेव्हा काठ्या घेऊन या, असा खोटा निरोप जमीनदारांच्या बाजूने पसरवण्यात आला. आणि दुसरीकडे, सशस्त्र आदिवासी जमीनदारांवर चालून येत आहेत अशी वर्दी पोलिसांना देण्यात आली. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मृत्युमुखी पडले.

हे कथन चळवळीतील नेत्यांचे आहे आणि ते पक्षपाती असणे स्वाभाविक आहे, हे समीक्षकाने विसरता कामा नये. तथापि ते मान्य करूनही संज्ञेच्या दृष्टीने या रात्रीची रचना विलक्षण ठरते. जमलेला वारली एका व्यक्तीच्या बचावासाठी आला होता. दुसऱ्याच्या शरीराचा बचाव हा कायद्याने मान्य केलेला हेतू आहे. जमीनदारही आपल्या बचावाची भाषा करीत होता. दोन्ही बाजूंनी भीती होती. परंतु एका बाजूची भीती 'वर्दी' झाली आणि दुसऱ्या बाजूची भीती 'जमाव' झाली. वर्दीला कागद मिळाला, जमावाला गोळी मिळाली. भीतीची वाजवी-अवाजवीता तपासण्यापूर्वीच ती कोणाच्या लेखणीतून नोंदली जाते यावर निर्णय झाला.

येथे आणखी एक भेद स्पष्ट करणे जरूर आहे. बेकायदा जमाव पांगवण्यासाठी बळाचा वापर हा पोलिसांना पदामुळे मिळणारा अधिकार आहे. तो फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातून येतो. खासगी बचाव हा व्यक्तीचा हक्क असून तो दंड संहितेतून येतो. दोन्हींच्या कसोट्या वेगळ्या आहेत. परंतु 'पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ केलेल्या गोळीबारात' हा वृत्तपत्रांतून रूढ झालेला वाक्प्रयोग हा भेद पुसून टाकतो. चौकशीनंतर लागू शकणारा निष्कर्ष बातमीत आधीच विशेषण म्हणून येतो. चकमकीतील मृत्यूंबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गुन्ह्याची नोंद, स्वतंत्र तपास आणि दंडाधिकारीय चौकशी आवश्यक मानली, त्याचा अर्थच असा की 'स्वसंरक्षण' हा सिद्ध करण्याचा दावा आहे, घोषित करण्याची वस्तुस्थिती नव्हे.

गडचिंचले, २०२० : भीती खरी असणे आणि वाजवी असणे :
तलवाड्यावरून असा निष्कर्ष काढणे सोपे आहे की, दुर्बळांची भीती नेहमी खरी असते आणि म्हणून त्यांची कृती नेहमी समर्थनीय असते. पंचाहत्तर वर्षांनंतरची त्याच पट्ट्यातील घटना हा निष्कर्ष टिकू देत नाही.

१६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तिघांची हत्या केली. परिसरात चोर आणि मुले पळवणाऱ्यांविषयी अफवा पसरल्या होत्या आणि गावकरी रात्रीची गस्त घालीत होते. गस्त ही राखणच होय; तिच्यात गैर काही नाही. भीतीही बनावट होती असे म्हणता येत नाही. परंतु पोलीस घटनास्थळी पोहोचले होते आणि तिघे पोलिसांच्या ताब्यात असताना त्यांच्यावर हल्ला झाला. सार्वजनिक प्राधिकारी समोर उभा असताना आणि समोरचा माणूस निःशस्त्र व अगतिक असताना बचावाचा कोणताही हक्क उरत नाही. भीती खरी होती. ती वाजवी नव्हती आणि कृती बचावाची नव्हती.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा बळी गेला होता. मारणारे आदिवासी पाड्यावरचे आणि मरणारे भटके. दोघेही समाजाच्या कडेवरचे. स्वसंरक्षणाचा शब्द जेव्हा समूहाच्या तोंडी येतो तेव्हा तो बहुधा अधिक दुर्बळावर कोसळतो, याची ही दुःखद साक्ष आहे.

तलवाडा आणि गडचिंचले यांना एका तागडीत तोलण्याचा येथे हेतू नाही. पहिल्या घटनेत मरण पावलेले आदिवासी होते, दुसऱ्या घटनेत मारणारा जमाव स्थानिक गावकऱ्यांचा होता. तरीही दोन्हींत एक समान धागा दिसतो. दोन्ही ठिकाणी अफवेने भीती निर्माण केली आणि दोन्ही ठिकाणी ती भीती तपासून पाहण्यापूर्वी कृती झाली.

अंतर, वेळ आणि संथ इजा :
कायद्याची दुसरी मर्यादा, म्हणजे दाद मागण्यास वेळ असल्यास बचावाचा हक्क नाही, ही शहरात सहज समजते. तेथे पोलीस ठाणे जवळ असते. जव्हार-मोखाड्यातील अनेक पाड्यांवरून मात्र पावसाळ्यात रुग्णाला डोलीतून न्यावे लागल्याच्या बातम्या वारंवार येत असतात. जेथे आजारी माणूस दवाखान्यापर्यंत वेळेत पोहोचत नाही, तेथे तक्रारदार ठाण्यापर्यंत वेळेत पोहोचेल हे गृहीत धरता येत नाही. अंतराचा प्रश्न येथे कायद्याच्या अर्थाचा प्रश्न बनतो. राज्यसंस्था जितकी दूर, तितका माणूस आपल्या भीतीसह एकटा. आणि एकट्या भीतीला अफवा लवकर गाठते.

त्याहून महत्त्वाची मर्यादा अशी की, स्वसंरक्षणाची संज्ञा केवळ तात्काळ हल्ला ओळखते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी कुपोषणाचा प्रश्न राज्यासमोर आणला. त्या मुलांवर कोणी शस्त्र उगारले नव्हते. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जाणारी कुटुंबे आधी घेतलेल्या उचलीच्या रकमेने बांधलेली असतात. त्यांच्यावरही कोणी चालून आलेले नसते. इजा होते, पण संथपणे. आणि संथ इजेविरुद्ध खासगी बचावाचा हक्क नाही.

या ठिकाणी वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ मधील कलम १५ लक्षात घेण्यासारखे आहे. वेठीच्या कर्जाचा दावा मजुराने केला असता, ते तसे कर्ज नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला आहे. स्वसंरक्षणात बचाव शक्यतेच्या पातळीवर दाखवण्याचा भार आरोपीवर असतो; येथे कायदा दुर्बळाच्या शब्दापासून आरंभ करतो. तलवाड्याच्या रात्री जे घडले नाही, ते या कलमाने निदान कागदावर तरी घडवले आहे. ज्याची भीती कोणी नोंदवीत नाही, त्याच्या बाजूने नोंदीचा आरंभ करणे हेच त्याचे खरे संरक्षण होय.

महाविद्यालयीन उपयोग :
शिक्षणक्षेत्रात ही संज्ञा प्रामुख्याने 'विद्यार्थिनींसाठी स्वसंरक्षण कार्यशाळा' या रूपात येते. समग्र शिक्षा अभियानांतर्गत शाळांमधील मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण राबवले जाते; महाविद्यालयांतून महिला विकास कक्ष असेच उपक्रम घेतात. शारीरिक आत्मविश्वासाच्या दृष्टीने त्यांचे मोल नाकारता येत नाही. परंतु या कार्यशाळांतील हल्लेखोर बहुधा अनोळखी आणि अंधारातील असतो. लैंगिक अत्याचाराच्या बहुतांश नोंदींत आरोपी पीडितेच्या परिचयाचा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांतून दिसून येते. परिचित माणसाविरुद्ध मनगट सोडवण्याच्या युक्तीपेक्षा, आपले म्हणणे ऐकले जाईल हा विश्वास अधिक उपयोगी पडतो.

शिवाय अशा कार्यशाळेतून नकळत एक संदेश जातो की, संरक्षण ही मुलीची स्वतःची जबाबदारी आहे. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन घातले आहे; २०१३ च्या कायद्याने अंतर्गत तक्रार समितीचे बंधन घातले आहे. आश्रमशाळा आणि वसतिगृहांत वाढून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थिनींच्या संदर्भात ही बंधने प्रथम अध्यापकांवर येतात. कराटेचा वर्ग घेऊन तक्रार समितीचा फलक कोरा ठेवणे, हा 'स्वसंरक्षण' या शब्दातील 'स्व' चा सोयीस्कर अर्थ होय.

निष्कर्ष :
१. 'स्वसंरक्षण' ही वर्णन करणारी संज्ञा नसून तो एक दावा आहे. बातमी, अहवाल आणि अध्यापन यांत तिचा वापर 'स्वसंरक्षणाचा दावा' असाच व्हावयास हवा.

२. संरक्षणापूर्वी 'स्व' मान्य व्हावा लागतो. लग्नगड्याला हक्क होता, पण तो बजावण्याइतका 'स्व' त्याच्यापाशी उरू दिला नव्हता. वारल्यांच्या लढ्याचे मोठेपण काठीत नव्हते. वेठ नाकारण्यात होते.

३. भीती खरी असणे पुरेसे नाही; ती तपासली जाण्यास तयार असावी लागते. ही कसोटी पोलिसांना, जमीनदाराला आणि जमावाला सारखीच लागू आहे. जो आपली भीती तपासू देत नाही, त्याने हा शब्द वापरू नये.

४. संथ इजेविरुद्ध ही संज्ञा अपुरी आहे. तेथे मजुरी, अन्न, रस्ता, दवाखाना आणि नोंद हीच संरक्षणाची साधने होत.

जव्हार-मोखाड्यातील शेतकरी ज्याला 'राखण' म्हणतो, त्या शब्दात या सर्व गोष्टी आहेत. राखण एका माणसाची नसते. ती पाळीने केली जाते. एक जागा असतो म्हणून दुसरा झोपू शकतो. स्वसंरक्षणाची संज्ञा समाजाच्या उपयोगाची व्हावयाची असेल, तर तिला या शब्दाकडून हा पाळीचा नियम शिकावा लागेल.